रुजवात घेतली काय?

मागल्या पावसाळ्यातली गोष्ट. बार्शीटाकळीच्या आमच्या वस्तीत मर्तिकाच्या वेळी घराला हातभार लागावा म्हणून एक छोटासा फंड चालतो. चुलीमागे महिन्याला वीस रुपये. पोरे दारोदार फिरून पैसे गोळा करतात, पावती फाडतात आणि ज्याच्या घरी दुःखाचा प्रसंग येतो त्याच्या हाती त्याच दिवशी ठरलेली रक्कम ठेवली जाते. आम्ही कारकुनी करतो, बी. कॉम. शिकलो, म्हणून यादी आणि हिशेब आमच्या गळ्यात.

एका सकाळी वस्तीतल्या एक मावशी दारात आल्या. नवरा जाऊन तिसरा दिवस. जयभीम झाला, पाणी दिले. मग त्यांनी हळूच फंडाचे विचारले. आदल्या दोन दिवसांत आम्ही परगावी होतो आणि रक्कम पोचलीच नव्हती. आम्ही कॉम्प्युटर लावला, यादी उघडली, वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि म्हणालो, "मावशी, यादीत तुमच्या घरच्यांचं नाव नाही दिसत."

त्या घटकाभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काहून भाऊ, दर महिन्याले पैसे तं घेता, मंग नाव कोठी गेलं?"

वाचकहो, या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आयुष्यभर ऑफिसात "तुमचे नाव यादीत नाही" हे वाक्य ऐकून माणसे कशी मान खाली घालून परत जातात ते आम्ही पाहिले आहे. तेच वाक्य आज आमच्या तोंडून, आमच्याच वस्तीत, आमच्याच बाईला ऐकावे लागले. ही लाज उगाळण्यासाठी आम्ही लिहीत नाही. त्या दिवशी रात्री जे शिकलो ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

जुन्या कारकुनांचा एक शब्द आहे, रुजवात. तुमच्या पेटीत एखाद्या जुन्या दस्तऐवजाची सरकारी नक्कल असेल तर तिच्या तळाशी पाहा. "नक्कल करणार" आणि "रुजवात घेणार" अशा दोन सह्या बहुधा दिसतील. एकाने नक्कल लिहायची. दुसऱ्याने मूळ कागद हाती घ्यायचा. एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा ओळीवर बोट ठेवून पाहत जातो. आकडा आला की थांबायचे, नाव आले की थांबायचे. दोन्ही कागद शब्दाला शब्द जुळले की मगच सही. लिहिणाऱ्याने स्वतःच्या लिखाणाची रुजवात घ्यायची नाही हा त्यातला मुख्य नियम, कारण आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही.

कॉम्प्युटर आला आणि रुजवात गेली. फाईलची कॉपी क्षणात होते, तेव्हा ती बरोबरच असणार असे आपण धरून चालतो. यंत्राने केलेली कॉपी बरोबर असतेही. घोटाळा होतो तो त्यानंतर. एक कॉपी आमच्या पेन ड्राइव्हवर, दुसरी पुतण्याच्या लॅपटॉपवर. आम्ही इकडे दोन नावे वाढवली, त्याने तिकडे एक स्पेलिंग सुधारले. वर्षभरात एकाच नावाचे दोन फोल्डर झाले आणि आतली फाईल न् फाईल वेगळी. कोणती खरी? आमच्याकडे असेच दोन फोल्डर निघाले. एकात ३१ फायली, दुसऱ्यात ३४. मुख्य यादी सव्वादोनशे ओळींची.

पहिल्यांदा आम्ही डोळ्यांनी जुळवायला बसलो. तासाभरात साठ ओळी झाल्या आणि डोळ्यांपुढे मुंग्या आल्या. पुतण्या अकोल्याला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "काका, हे काम एडिटरला करू द्या."

एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहायचा-दुरुस्त करायचा प्रोग्राम. दोन मजकुरांतला फरक शोधून देण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी 'डिफ' नावाचा प्रोग्राम तयार केला आणि तो १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर आला. आजचे फरक दाखवणारे बहुतेक प्रोग्राम त्याच वाटेने गेलेले आहेत.

ही युक्ती समजायला आपल्या रेल्वेचे उदाहरण घेऊ. अकोला, बार्शीटाकळी, वाशिम, हिंगोली, वसमत, पूर्णा अशी स्टेशने एका कागदावर एकाखाली एक लिहा. दुसऱ्या कागदावर हीच लिहा, पण वाशिम गाळा. आता पहिल्याशी पहिले, दुसऱ्याशी दुसरे असे जुळवत गेलात तर तिसऱ्या ओळीपासून सगळेच चुकीचे वाटेल, कारण वाशिमसमोर हिंगोली आली, हिंगोलीसमोर वसमत. डिफ तसे करीत नाही. दोन्ही कागदांत त्याच क्रमाने येणाऱ्या जास्तीत जास्त ओळी कोणत्या, हे तो आधी शोधतो. त्या जुळल्या म्हणून बाजूला ठेवतो. जे उरते तोच फरक. म्हणून तो नेमके सांगतो की एकच ओळ कमी आहे, वाशिमची.

आता प्रत्यक्ष कृती. पुतण्याने 'ईमॅक्स' नावाचा एडिटर वापरला. हा फुकट मिळतो. त्यात 'एडिफ' नावाची सोय आहे, ती मायकेल किफर यांनी लिहिली. फोल्डर जुळवायची आज्ञा दिली की एडिफ विचारतो, पहिला फोल्डर कोणता, दुसरा कोणता, आणि सगळ्याच फायली पाहू की ठरावीक नावाच्या. उत्तरे दिली की दोन्हीकडे असलेल्या फायलींची यादी समोर येते. 'डी' हे मोठे अक्षर दाबले की एकाच फोल्डरात असलेल्या फायली कोणत्या तेही कळते. यादीतल्या एका फाईलवर एंटर दाबले की दोन्ही प्रती समोरासमोर उघडतात. 'एन' दाबले की पुढचा फरक, 'पी' दाबले की मागचा. बदललेल्या ओळीतला नेमका शब्दसुद्धा वेगळ्या रंगात दिसतो. 'ए' दाबले की पहिल्या प्रतीतला मजकूर दुसरीत जातो, 'बी' दाबले की दुसरीतला पहिलीत. पाहणे आणि दुरुस्त करणे एकाच जागी. वेगळ्या कागदावर टिपून पुन्हा फाईल शोधायची गरज नाही.

ज्यांच्याकडे विंडोजचा कॉम्प्युटर आहे त्यांना 'विनमर्ज' सोपा पडेल. तोही फुकट. दोन फोल्डर दाखवले की कोणती फाईल सारखी, कोणती वेगळी, कोणती एकाच बाजूला आहे ते तो ओळीने लिहून देतो. फाईलवर दोनदा क्लिक केले की आतला फरक. 'नोटपॅड प्लस प्लस' पुष्कळ सेवा केंद्रांत असतो. त्यात 'कम्पेअर'चे प्लगइन टाकून घेतले की दोन उघड्या फायली जुळवता येतात. 'व्हीएस कोड'मध्येही दोन फायली निवडून तुलना करण्याची सोय आहे. प्रोग्राम कोणताही घ्या, क्रम मात्र हाच ठेवा. आधी फोल्डर, मग फाईल, मग ओळ, मग शब्द. जे सारखे आहे ते आधी बाजूला काढले की पाहण्यासारखे थोडेच उरते. आमच्या ३१ फायलींपैकी फक्त ४ फायलींत फरक निघाला. सारी रात्र जाईल असे वाटले होते, ते काम चहा निवण्याआत झाले.

पण काही खाचखळगे आहेत, ते सांगितलेच पाहिजेत.

पहिला, फाईलच्या तारखेवर आणि आकारावर विसंबू नका. जन्मसाल १९८७ चे चुकून १९७८ झाले तर फाईलचा आकार तेवढाच राहतो. उलट, काहीही न बदलता फाईल नुसती सेव्ह केली तरी तारीख नवी होते. म्हणून आतला मजकूर जुळवा.

दुसरा, यादीचा क्रम. एक यादी आडनावाप्रमाणे आणि दुसरी घर नंबराप्रमाणे असेल तर यंत्र जवळजवळ सगळेच वेगळे म्हणून दाखवील. आधी दोन्ही याद्या एकाच क्रमाने लावून घ्या.

तिसरा खास आपल्या मराठीचा. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला सारखा, पण कॉम्प्युटरच्या पोटात दोन वेगळे संकेत. यंत्र म्हणते फरक आहे, आपण म्हणतो कुठे आहे? तसेच आकड्यांचे. एकाने ५ मराठीत लिहिला आणि दुसऱ्याने इंग्रजीत, तर तोही फरकच. ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागासुद्धा फरक म्हणून येते. ती सोडून देण्याची सोय बहुतेक प्रोग्रामांत असते. आणि जुन्या डीटीपीच्या फायली श्री-लिपी, कृतीदेव अशा फाँटांत असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर अक्षरांची नुसती खिचडी दिसेल.

चौथा, मूळ प्रतींना हात लावू नका. दोन्ही फोल्डरांची एकेक कॉपी काढा आणि कॉपीवर काम करा. घाईत एक बटण दाबले की बरोबर मजकुरावर चुकीचा मजकूर जाऊन बसतो.

पाचवा, इंटरनेटवर दोन मजकूर चिकटवले की तुलना करून देणारी ठिकाणे आहेत. लोकांची नावे, फोन नंबर, आधारचे आकडे तेथे टाकू नका. आपल्या विश्वासावर लोकांनी माहिती दिली आहे. तिची तुलना आपल्याच कॉम्प्युटरवर व्हावी.

आता आमच्या यादीकडे येतो. मुख्य यादीत पाच फरक निघाले. दोन नवी कुटुंबे वाढलेली. एका आडनावाची वेलांटी. एक बदललेला फोन नंबर. आणि पाचवा फरक म्हणजे जुन्या प्रतीत असलेली पण नव्या प्रतीत नसलेली एक ओळ. मावशींच्या नवऱ्याच्या नावाची.

पुतण्या म्हणाला, "काका, नवीन प्रत शेवटची सुधारलेली आहे. तीच बरोबर धरू ना?" बटणावर त्याचे बोट होते. खरे सांगतो, आम्हीही क्षणभर हो म्हणणार होतो. नवी म्हणजे बरोबर, अशी सवय आपल्या डोक्याला लागली आहे. मग आम्ही त्याला थांबवले आणि पत्र्याच्या पेटीतून पावतीबुके काढली. मावशींच्या घराची पावती दर महिन्याची होती. शेवटची तर मागच्याच महिन्याची.

मग ती ओळ कशी गेली? आठवता आठवता आम्हालाच आठवले. दिवाळीच्या सुमारास यादी साफ करायला एका पोराला बसवले होते आणि त्याला सांगितले होते, "एका घर नंबरात डबल नावं दिसली तर एक काढून टाक." मावशींचे घर आणि दिराचे घर एकाच नंबरात आहे, पण चुली दोन. फंड चुलीमागे आहे हे आम्हाला ठाऊक होते, पोराला नव्हते आणि आम्ही सांगितले नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. चूक पोराची नाही, कॉम्प्युटरची तर मुळीच नाही. चूक आमची.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की चुकीची लिहिलेली ओळ कधी ना कधी डोळ्यात भरते. नाव वाकडे दिसले की माणूस टोकतो. पण गळलेली ओळ डोळ्यात भरत नाही. तिच्या वरची आणि खालची ओळ एकमेकींना चिकटतात आणि यादी पुन्हा गुळगुळीत दिसते. जुनी यादी शेजारी ठेवल्याशिवाय ती दिसतच नाही. म्हणून जुनी प्रत कधी फेकू नये.

हे फक्त आमच्या फंडाचे नाही. आपल्या राज्याने हे फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. हस्तलिखित सातबारा कॉम्प्युटरवर चढवताना कोठे नाव चुकले, कोठे क्षेत्र चुकले, कोठे हिस्सा. तेव्हा हाताने लिहिलेला आणि कॉम्प्युटरचा, असे दोन्ही सातबारे जुळवण्याचे काम सरकारला काढावे लागले. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. कॉम्प्युटरवरचा सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याला चूक दिसेल त्याने सांगायचे. ही जुनी रुजवातच होती, फक्त ओळीवर बोट ठेवणारा सारा गाव होता. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. लेखनाची चूक राहिली असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. ज्यांच्याकडे एकरभर का असेना जमीन आहे त्यांनी घरातला जुना हस्तलिखित उतारा आणि आजचा उतारा एकदा शेजारी ठेवून पाहावा.

मतदार यादीचेही तसेच. बिहारमध्ये १ ऑगस्ट २०२५ रोजी मतदारांची प्रारूप यादी निघाली. आधीच्या यादीपेक्षा तिच्यात सुमारे ६५ लाख नावे कमी होती. पण कमी झालेली नावे कोणती, याची यादी लोकांपुढे नव्हती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की गळलेली नावे कारणासह प्रसिद्ध करा आणि माणसाला आपले नाव शोधता येईल अशा रीतीने करा. कोणाचे नाव योग्य कारणाने गेले, कोणाचे अयोग्य, हा पुढचा विचार. पण तो विचार व्हायला आधी फरक समोर यावा लागतो. घरकुलाची असो, रेशनची असो, शिष्यवृत्तीची असो, यादी लागली की तिची प्रत किंवा निदान फोटो घेऊन तारीख घालून ठेवावा. मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. पुढची यादी लागली की दोन्ही जुळवाव्यात.

मात्र प्रत्येक फरक ही चूकच असते असेही नाही. बाबासाहेबांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली निघाले आणि १९३७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात गांधीजींची टीका आणि तिला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर जोडलेले आहे. दोन आवृत्त्या जुळवल्या तर फरक भरपूर निघेल, पण ती चूक नाही, चाललेल्या वादाची पुढची पायरी आहे. यंत्र फक्त एवढेच सांगते की येथे फरक आहे. तो चुकून झाला, जाणूनबुजून झाला की विचाराने झाला, हे ठरवायला माणूस लागतो, जुना कागद लागतो आणि कधी कधी ज्याचे नाव आहे त्याच्या दारात जाऊन विचारावे लागते.

घरातल्या पोरापोरींना हे शिकवायचे असेल तर एक सोपा धडा देतो. संविधानाची उद्देशिका दोन फायलींत टाइप करायला सांगा. एकीत १९५० ची, दुसरीत आजची. प्रत्येक वाक्यांश वेगळ्या ओळीवर घ्यायचा, कारण सगळा मजकूर एका ओळीत असला की यंत्र अख्खी ओळच बदलली म्हणते. मग तुलना लावा. दोन जागी फरक उजळेल. एका जागी 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द वाढलेले, दुसऱ्या जागी एकतेच्या जोडीला 'एकात्मता' आलेली. हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने झाले. मधे तिसऱ्या जागी फरक दिसला तर तुमच्या पोराने टाइप करताना चूक केली असे समजा आणि त्यालाच ती शोधू द्या. संविधानही वाचून होईल आणि रुजवातही कळेल.

त्या रात्री ती ओळ आम्ही यादीत परत घातली. सकाळी पुतण्याला बरोबर घेऊन मावशींच्या घरी गेलो, रक्कम हाती दिली आणि चूक आमची होती हे त्यांच्या दिरासमोर, शेजाऱ्यांसमोर सांगितले. मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव कागदावरून गेलं व्हतं भाऊ, मी तं अठीच होती. एक डाव घरी येऊन इचारलं असतं तं झालं नसतं का?"

त्यानंतर आम्ही तीन नियम केले. प्रत्येक चुलीला कायमचा नंबर द्यायचा, म्हणजे एका घरातल्या दोन चुली एक होणार नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला यादीची तारीख घातलेली प्रत वेगळी ठेवायची आणि मागच्या प्रतीशी एडिटरमध्ये जुळवायची. आणि एकही नाव कमी करायचे असेल तर त्या घरी जाऊन विचारायचे, दोघांची सही घ्यायची. एक नाव कमी करणाराची, दुसरी रुजवात घेणाराची.

दुसरी सही आता पुतण्या करतो. परवा त्याने आमचीच एक चूक काढून दाखवली. बरे वाटले.